दुसरा फोन

सकाळी साडेनऊला सर्व्हिस सेंटरचं शटर वर गेलं की सगळ्यांत आधी कामाला लागायचा तो पाण्याचा पाइप. मेकॅनिकांच्या हातात अजून चहाचे कप असायचे, मॅनेजर केबिनमध्ये केस विंचरत असायचा, आणि मागच्या अंगणात मात्र दोन गाड्या फेसाने पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या जागेचा पहिला धर्म तो होता. गाडीचं काम झालं नाही तरी चालेल, पण धुतल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाता कामा नये. आतून झाडून, काचा पुसून, वासाची डबी टांगून दिली की दहातली आठ माणसं बॉनेट उघडून बघायला जात नाहीत. तक्रार खरी असेल पण कारण शोधण्यात वेळ जाणार असेल, तर अॅडव्हायझर काउंटरवरूनच आत हाक द्यायचा, "हिला आंघोळ घाला रे." म्हणजे काही करू नका. धुवा आणि द्या.

हा अॅडव्हायझर म्हणजे गाड्या ताब्यात घेणारा, तक्रार लिहून घेणारा माणूस. त्याची बायको त्याच इमारतीत जिन्याखालच्या टेबलाशी फोन घेऊन बसायची. तिला सगळे फोनताई म्हणत. इथे तो साहेब आणि ती ताई, घरी तो अहो आणि ती अगं. दोन्हीकडे शेवटचा शब्द त्याचा. गाडी नेल्यावर तिसऱ्या दिवशी ग्राहकाला फोन करायचा, गोड आवाजात विचारायचं, "आमच्या कामाला दहापैकी किती गुण द्याल?" आणि आकडा लिहायचा, एवढंच तिचं काम. शाळेत आठ मिळाले तर पेढे वाटतात. इथे आठ म्हणजे नापास. नऊच्या खाली आकडा गेला की वरच्या ऑफिसातून मॅनेजरला विचारणा व्हायची, आणि मॅनेजर ती व्याजासकट खाली पाठवायचा.

दुसऱ्या फोनची युक्ती फोनताईच्या नवऱ्याची. बाईमाणसाने कमी गुण दिले तर ते पक्के धरायचे नाहीत. तिच्या घरच्या पुरुषाचा नंबर गाडीच्या कार्डावर असतोच, त्याला फोन करायचा आणि तो सांगेल तो आकडा लिहायचा. गाडी त्याच्याच नावावर असते, मग गुणही त्याचेच. मॅनेजरला ही कल्पना इतकी आवडली की त्याने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. पुरुष दहा देऊन टाकतात. स्वतः गाडी चालवायची नसली तर फारच पटकन देतात. आणि एखाद्या पुरुषाने कमी गुण दिले तर? तर त्याची गाडी दुसऱ्या दिवशी घरून आणून, चाकं काढून बघायचे. त्याच्या बायकोला फोन करून गुण वाढवून घ्यावेत, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. फोनताईच्याही नाही, हे इथेच सांगून टाकायला हवं. दोन वर्षं ती निमूटपणे दुसरा फोन करत होती, आणि काम लवकर उरकतं म्हणून तिला तो आवडतही होता.

एका बुधवारी शिवणबाई आली. गावात तिचा शिवणाचा क्लास होता. शाळांचे गणवेश शिवून गठ्ठे पोचवायला तिने आठ वर्षांपूर्वी ही छोटी गाडी घेतली होती. पैसे तिचे, चालवणारी ती, कागदावर नाव नवऱ्याचं. दहा दिवसांपूर्वी इथेच तिच्या गाडीला नवे ब्रेक पॅड आणि ब्रेक तेलाची नवी नळी बसवली होती.

"साहेब, ब्रेक दाबला की पॅडल खाली जातं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा दाबलं की मग लागतो. आणि हा लाल दिवा लागलाय कालपासून."

"नवीन ब्रेक आहेत वहिनी. बसायला वेळ लागतो."

"पहिल्या दिवशी नीट होतं. आता रोज थोडं थोडं जास्त खाली जातंय."

"तुम्ही पाय अर्धवट दाबत असाल. बायकांचं होतं असं. चप्पल घालून चालवता ना? मिस्टर काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? त्यांना गाडी येत नाही."

"तरी पण एकदा त्यांना घेऊन या. म्हणजे नीट बोलता येईल."

शिवणबाईने किल्ली काउंटरवर ठेवली. "बावीस वर्षं मी पायाने मशीन चालवते. पायाखाली काय चाललंय ते मला कळतं."

तो हसला. शेजारच्या काउंटरवरचाही हसला. आणि गाडी आत जायच्या आधीच त्याने कार्डावर लिहून टाकलं: ग्राहकाचा समज, तपासणी केली, दोष आढळला नाही.

आत म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची डबी तळाला गेली होती. तो हात पुसत काउंटरवर आला. "तेल कमी झालंय. कुठेतरी गळतंय. चाकं काढून बघावी लागतील."

"किती वेळ?"

"तास तरी जाईल."

"तेल भर. दिवा जातो ना? मग झालं. आंघोळ घाला."

मिस्त्री आत गेला. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. डबीत तेल भरलं, दिवा विझला, गाडी फेसात न्हाऊन निघाली. जिन्याखाली बसलेल्या फोनताईने हे सगळं ऐकलं आणि पुढचा नंबर फिरवला.

शनिवारी शिवणबाईची पाळी आली.

"दहापैकी किती गुण द्याल ताई?"

"चार," पलीकडून उत्तर आलं. मागे मशिनांची खडखड चालली होती. "धुतली छान, त्याचे चार. दिवा गेला पण पॅडल अजून खालीच जातंय. मला उताराची भीती वाटायला लागलीय. सोमवारी आणू का परत?"

"मी विचारून कळवते."

"नक्की कळवा हं. तुम्ही बाई आहात म्हणून सांगते, ते काउंटरवरचे ऐकून घेत नाहीत."

फोनताईने चार लिहिले, खाली तक्रार लिहिली आणि नवऱ्याकडे गेली. महिना संपायला तीन दिवस होते आणि शाखेचा सरासरी आकडा सलग बाराव्या महिन्यात नऊच्या वर राहिला तर वरच्या ऑफिसकडून ढाल मिळणार होती. त्याने कागदावर नजर टाकली. "ही ती मशीनवाली ना? दुसरा फोन कर."

तिने केला. शिवणबाईच्या नवऱ्याने तोंडात काहीतरी चघळत सांगितलं, "गाडी एकदम झकास. आरशासारखी चकाकतेय. दहा लिहा. आमच्या हिला उगाच शंका काढायची सवय आहे." तो आणि फोनताई दोघंही थोडं हसले. तिने चार खोडले, दहा लिहिले, तक्रारीवर रेघ ओढली. कळवते म्हटलं होतं ते कळवायचं राहिलं. नेमकं सांगायचं तर राहिलं नाही. दहा लिहिल्यावर कळवण्यासारखं काही उरतच नाही, अशी तिथली पद्धत होती.

सोमवारी सकाळी शिवणबाई दीडशे गणवेश घेऊन शाळेकडे निघाली. बाजाराच्या उतारावर पॅडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. तिने दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, हँडब्रेक ओढला. समोर बस थांब्यावर माणसं उभी होती. तिने गाडी उजवीकडे दगडी भिंतीवर घातली. थांब्यावरच्या कोणाला खरचटलंही नाही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तासाभरात सर्व्हिस सेंटरमध्ये बातमी आली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. पण मॅनेजर खमका माणूस होता. त्याने शिवणबाईचं कार्ड काढलं, वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. तपासणी केली, दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी, दहापैकी दहा. "आपण काठावर पास नाही, पार वर आहोत," तो म्हणाला. गावात तोवर निकाल लागलाही होता. बाई गाडी चालवत होती, एवढं कळल्यावर लोकांना पुढचं विचारायची गरज वाटली नाही. ब्रेक समजून दुसरंच दाबलं असणार, असं पानाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत एकमत झालं. ज्यांना तिने भिंतीवर जाऊन वाचवलं होतं, त्यांच्यातलाही एकजण तेच सांगत फिरत होता.

आठवड्याने मॅनेजरने फोनताईला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर फुलांचा गुच्छ होता आणि एक कागद. वाहतूक कार्यालयाची चौकशी लागली होती: चूक चालकाची की गाडीची. कागदावर लिहिलं होतं की ब्रेक चांगले होते, घाईत माझा पाय चुकीच्या पॅडलवर गेला. त्यावर शिवणबाईने सही केली की कंपनी सहानुभूती म्हणून तिच्या नवऱ्याला नवीकोरी गाडी देणार होती. नवरा तयार होता. बाई अडून बसली होती.

"बाईला बाईच समजावू शकते," मॅनेजर म्हणाला. "तू जा."

सोबत फोनताईचा नवराही गेला. दवाखान्याच्या खोलीत शिवणबाई उशीला टेकून बसली होती. चादर एका बाजूला वर होती आणि दुसऱ्या बाजूला सपाट. तिचा नवरा खिडकीशी उभा होता. फोनताईने आवाज दिला तसं शिवणबाईने मान वळवली.

"हा आवाज ओळखते मी. तुम्हीच ना फोनवाल्या?" तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा आली की फोनताईला तिच्याकडे बघवेना. "बरं झालं आलात. आमच्या ह्यांना तेवढं सांगा. शनिवारी मी तुम्हाला काय म्हटलं होतं? पॅडल खाली जातंय म्हटलं होतं ना? मी चार दिले होते ना?"

"त्यांनी मला विचारलं, मी दहा सांगितले. विषय संपला," खिडकीशी उभ्या उभ्या तिचा नवरा म्हणाला.

"तुम्हाला नंतर विचारलं. आधी मला. सांगा ना ताई."

खोलीत चार माणसं होती आणि त्यातली तीन फोनताईकडे बघत होती. तिच्या नवऱ्याने नुसता घसा खाकरला. त्या खाकरण्याचा अर्थ नऊ वर्षांच्या संसारात तिला चांगला पाठ झाला होता.

"मला नीट आठवत नाही," फोनताई म्हणाली. "रोज चाळीस फोन असतात."

शिवणबाई भांडली नाही. तिने त्या सपाट चादरीवरून हात फिरवला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "असेल. माझीच चूक असेल. सगळेच म्हणतात तर असेल. ज्या पायाला माहीत होतं तो तर राहिला नाही." तिने पेन मागितलं आणि सही केली. तिच्या नवऱ्याने कागद लगेच उचलून घेतला, शाई वाळायच्या आत.

ती दोघं निघताना शिवणबाईने विचारलं, "तुम्ही गाडी चालवता का ताई?"

"नाही."

"शिकूही नका."

पुढच्या महिन्याच्या अखेरीला ढाल आली. मॅनेजरने ती काउंटरच्या मागे भिंतीवर लावून घेतली आणि सगळ्यांना बर्फी वाटली. दुसरा फोन वरच्या ऑफिसला फारच पसंत पडला होता. इतर शाखांतल्या मुलींना तो शिकवायला फोनताईने जावं, असं पत्र आलं. घरी सासूबाईंनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. नवरा खूश होता.

"चौकशीत माझी साक्ष आहे गुरुवारी," ती जेवताना म्हणाली.

"दोन ओळी आहेत. फोन केला, दहा मिळाले. एवढं म्हणायचं आणि उठायचं."

"पण तिने चार दिले होते."

त्याने ताट सरकवलं. "तुला काय हौस आहे का हात दाखवून अवलक्षण करायची? सही तिने केलीय. गाडी त्यांच्या दारात येऊन उभी राहिलीय. कोणाचं काय बिघडलंय आता?"

"तिचा पाय गेलाय."

"तो तू खरं बोलल्यावर उगवणार आहे का?"

सासूबाई भांडी आवरत होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "अगं, आपला शब्द कोण घेतं? ह्याच्या वडिलांना मी तीन महिने सांगत होते, माझ्या पोटात गाठ लागतेय. म्हणाले, खाल्लेलं पचत नाही तुला. शेवटी शेजारच्या काकांनी सांगितलं तेव्हा डॉक्टरकडे नेलं. म्हणून काय मी चव्हाट्यावर गेले?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तसंच असतं, एवढंच त्या सांगत होत्या. फोनताईला त्या क्षणी नवऱ्याच्या धमकीपेक्षा सासूबाईंच्या त्या समजूतदारपणाचं जास्त भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत टेबलाशीच बसली. दोन वर्षांची सगळी कार्डं काढून तिने जिथे जिथे दुसरा फोन केला होता, त्या बायकांची नावं, नंबर आणि तक्रारी एका कागदावर उतरवल्या. ओढलेल्या रेघेखालचं वाचता येत होतं. त्रेचाळीस भरल्या.

गुरुवारी वाहतूक कार्यालयाच्या लांबट खोलीत चौकशी अधिकारी पंख्याखाली बसला होता. बाजूला त्याचा लिहिणारा कारकून. भिंतीशी बाकावर मॅनेजर आणि फोनताईचा नवरा.

"ग्राहकाला फोन तुम्ही केला होता?"

"दोन केले. पहिला बाईंना, दुसरा त्यांच्या मिस्टरांना."

"गुण किती मिळाले?"

"बाईंनी चार दिले. पॅडल खाली जातंय म्हणाल्या, गाडी परत आणू का विचारलं. मी कळवते म्हटलं. मग त्यांच्या मिस्टरांना फोन केला, ते दहा म्हणाले, म्हणून मी चार खोडून दहा लिहिले. बाईंना कळवलं नाही. दवाखान्यात त्यांनी विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हणाले. तेही खोटं होतं."

कारकुनाचं पेन थांबलं. अधिकाऱ्याने तिच्या खांद्यावरून बाकाकडे पाहिलं.

"तुमचे मिस्टर इथेच आहेत ना? काय हो, असं झालं होतं का?"

नवरा उठला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "साहेब, महिनाभर हिला झोप नाही. अपघाताचं मनाला लावून घेतलंय. काय बोलतेय ते हिचं हिला कळत नाहीये."

"बरं, बरं." अधिकाऱ्याने कारकुनाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, कारकुनाने लिहिलं, आणि कागद तिच्यासमोर आला. "इथे सही करा."

फोनताईने कागद पहिल्या अक्षरापासून वाचला. ती म्हणाली होती ते बरंचसं होतं. शेवटी एक ओळ होती: साक्षीदार मानसिक तणावाखाली असल्याचे तिच्या पतीने सांगितले.

"ही ओळ काढा."

"ती तुमच्याच भल्यासाठी आहे बाई."

"ती माझी साक्ष नाही, यांची आहे. यांना वेगळा कागद द्या, त्यावर यांची सही घ्या. माझ्या कागदावर मी बोलले तेवढंच राहील."

"असं काही नसतं. सही करा, बाहेर लोक थांबलेत."

"मग थांबू देत."

मॅनेजर बाकावरून म्हणाला, "वहिनी, घरी जाऊन शांतपणे बोलू आपण." नवरा जवळ आला आणि दातांवर दात ठेवून म्हणाला, "ऊठ. आत्ता उठलीस तर अजून काही बिघडलेलं नाही." ती शूर बाई नव्हती, आणि आपण उठू अशी तिचीच तिला भीती वाटत होती. म्हणून तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. अधिकारी चहा पिऊन आला. कारकून दोन फायली बांधून आला. पाऊण तास गेला. जेवणाची वेळ टळायला लागली तसा अधिकाऱ्याने कागद ओढून घेतला, ती ओळ काट मारून खोडली, बाजूला आपली सही ठोकली. मग फोनताईने आपली सही केली.

"आणि एकदा चाकं काढून बघा," ती म्हणाली. "गाडी तुमच्याच आवारात उभी आहे. एक तास लागतो."

बायकांच्या त्रेचाळीस नावांचा कागदही तिने पुढे केला. अधिकाऱ्याने तो परत सरकवला. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही म्हणाला.

चाकं काढली. पुढच्या उजव्या चाकापाशी नव्या नळीचा बोल्ट दोन बोटांनी फिरत होता. तो हाताने बसवला होता, पान्याने आवळायचा राहिला होता. आवळायच्या आधीच अॅडव्हायझरने मिस्त्रीला दुसऱ्या गाडीवर पिटाळलं होतं. कंपनीने तत्परता दाखवली. एका कामगाराचा वैयक्तिक निष्काळजीपणा असं जाहीर करून म्हाताऱ्या मिस्त्रीला त्याच दिवशी काढून टाकलं. चाकं काढून बघू या म्हणणारा त्या इमारतीत तो एकटाच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर ती अशी. अॅडव्हायझरला गाड्या विकायच्या विभागात घेतलं, तिथे टाय बांधायला मिळतो. दुसरा फोन बंद झाला, आणि पुढच्या महिन्यापासून कौटुंबिक अभिप्राय या नावाने सुरू झाला.

फोनताईची नोकरी गेली. घरी परतली तेव्हा सासूबाईंनी तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. कपडे नीट घड्या घालून भरले होते. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. कामकरी बायकांच्या एका वसतिगृहात तिला कॉट मिळाली.

चौथ्या दिवशी ती शिवणबाईकडे गेली. दारात नवीकोरी गाडी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. कंपनीने परत मागितली नव्हती आणि नवऱ्याने दिली नव्हती. चालवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. शिवणबाई उंच स्टुलावर बसून कापड बेतत होती. शिवायला तिने एक मुलगी ठेवली होती.

"मी माफी मागायला आले," फोनताई म्हणाली.

"ऐकलं तुम्ही काय बोललात ते. बरं केलंत." कात्री थांबली नाही. "पण त्या दिवशी दवाखान्यात बोलला असतात तर मी सही केली नसती. सही केली तेव्हा मला खरंच वाटलं, माझंच चुकलं. आजही मध्येच वाटतं. चाक काढून दाखवलं तरी वाटतं. ते माझ्या डोक्यातून तुम्हाला काढता येणार आहे का?"

फोनताईने खाली पडलेला कापडाचा तुकडा उचलून टेबलावर ठेवला.

"मग माफीचं काय घेऊन बसलात. माझ्यासारख्या किती जणींना केलात तो दुसरा फोन?"

"त्रेचाळीस. यादी आहे माझ्याकडे."

"त्या अजून चालवतायत ना त्याच गाड्या?" शिवणबाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "मग इथे कशाला बसलात?"

त्याच दुपारी वसतिगृहाच्या कॉटवर बसून फोनताईने पहिला नंबर लावला. नाव सांगायचं, आपण काय केलं ते सांगायचं, तुमची तक्रार खरी असू शकते, गाडी दुसरीकडे दाखवा म्हणायचं. कोणी शिव्या दिल्या. कोणी आभार मानले. बऱ्याच ठिकाणी फोन पुरुषाने घेतला आणि तिला काय कळतंय म्हणत ठेवून दिला; तिथे तिने पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी एकतिसाव्या नंबरवरही पुरुषच आला.

"गाडीचं ना? मला सांगा. ते मीच बघतो."

"त्यांच्याशीच बोलायचंय. चालवत त्या होत्या."

कुरकुर झाली, फोन हातातून हातात गेला. बाईचा आवाज आला.

"गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात," फोनताईने कागदावरून वाचलं, "की वळताना पुढच्या चाकाकडून खटखट आवाज येतो."

पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, "हो. पण काही नाही म्हणाले ते. ह्यांनीही वेड्यात काढलं मला. शेवटी मीच चालवायची सोडली."

"तो आवाज तपासलाच नव्हता. गाडी कुठे आहे आता?"

"विकली. चार महिने झाले. एका बाईने घेतली, नुकतीच शिकली होती, दोन लहान मुलं होती बरोबर. मी तिला आवाजाचं सांगणार होते. हे म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस."

"तिचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"माझ्याकडे नाही. ह्यांच्याकडे असेल. पण देतील असं वाटत नाही."

"मागा. मी फोन धरून थांबते."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. पुरुषाचा चढा स्वर भिंतीआडून ऐकू येत होता: कोण आहे ती, कशाला हवाय, ठेव तो फोन. मग बाईचा आवाज आला, आधीच्यापेक्षा मोठा.

"ठेवणार नाही. आधी नंबर द्या."